देवाच्या आडून

आमच्या घरात दोन जावांचं एकमेकींशी बोलणं बंद होतं. प्रार्थना मात्र जोरात चालू होती.

कोड्यात बोलत नाही, आधी माणसं सांगते. मी या घरातली आत्या. भाचे माझे दोन, थोरला आणि धाकटा. त्यांच्या बायका म्हणजे थोरली आणि धाकटी. राहतो आम्ही वर, खाली शिवणकामाचं दुकान. थोरली कापते, धाकटी शिवते, आणि मी खिडकीजवळच्या स्टुलावर बसून काजं करते, बटणं लावते आणि बघते. बघण्याचं काम मला कोणी दिलेलं नाही, पण एवढं मन लावून मी दुसरं काही केल्याचं आठवत नाही. माणसांचा जमाखर्च मांडायची मला खोडच आहे. कोण किती बोललं, कोणी किती गिळलं, कोणाची चूक कोणाच्या नावावर पडली, हे मनातल्या मनात मांडत बसते. दुपार कशी जाते कळत नाही.

भाच्यांचं आपसात उत्तम होतं. रविवारी उपासनेला दोघं एकाच बाकावर बसत आणि उपदेश सुरू झाला की एकाच वेळी पेंगत. दोन भावांचं इतकं एकमत मी दुसऱ्या कुठल्या विषयावर पाहिलेलं नाही. भांडण होतं ते बायकांचं, आणि ते माझ्या वहिनीच्या, म्हणजे या दोघींच्या सासूच्या मरणापासूनचं.

वहिनी दुकानामागच्या खोलीत आजारी होती. ते सगळे दिवस दोघी सुनांनी पाळीपाळीनं काढले. मला त्यात डावं-उजवं करता येणार नाही. एक भरवी, दुसरी पुसून घेई. एक औषधाच्या वेळा सांभाळी, दुसरी पाय चेपत बसे. ज्या दुपारी वहिनी प्रभूत निजली, त्या दुपारी खोलीत थोरली एकटी होती. मी औषध आणायला गेले होते, धाकटी वर जाऊन आडवी झाली होती. दफनाच्या दिवशी सांत्वनाला आलेल्या बायकांच्या घोळक्यात कोणीतरी विचारलं, "शेवटी जवळ कोण होतं?" तर थोरली म्हणाली, "मी होते. दुसरीला झोप महत्त्वाची होती."

एवढंच. पण घोळक्यात टाकलेलं वाक्य आणि पाण्यात सांडलेली शाई, दोन्ही परत गोळा करता येत नाहीत.

धाकटी मला नंतर म्हणाली, "आत्याबाई, त्यांनीच मला वर पाठवलं होतं. 'आरशात चेहरा बघ, पेशंट तूच वाटतेस, जा जरा पड,' असं म्हणाल्या. मग हे काय?"

"मग तिथंच का नाही बोललीस?"

"आई समोर पेटीत होत्या. त्यांच्यासमोर भांडू?"



एवढ्यावरही निभावलं असतं. घरोघरी असं काहीबाही असतंच; धूळ बसते, माणसं वरून चालू लागतात. पण थोड्याच दिवसांनी चर्चमध्ये क्षमेवर उपदेश झाला. आमच्याकडे उपदेशानंतर ज्याला वाटेल त्यानं उभं राहून, प्रभूनं आपल्यासाठी काय केलं ते सगळ्यांसमोर सांगायचं असतं. त्याला साक्ष देणं म्हणतात. थोरली उभी राहिली. पदर सारखा केला.

"माझ्या सासूबाईंच्या शेवटच्या घटकेला एका व्यक्तीकडून कसूर झाली," ती म्हणाली. "माझ्या मनात राग होता. आज मी त्या व्यक्तीला क्षमा केली आहे. प्रभूची स्तुती असो."

"स्तुती असो," असं सगळे म्हणाले, आणि सगळ्यांच्या माना धाकटीकडे वळल्या.

क्षमा ही अशी चीज आहे, की न मागता घरपोच आली तर ती आरोपपत्रासारखी दिसते. घेतली की गुन्हा कबूल. धाकटीनं घेतली नाही. पुढच्याच बुधवारी परत पाठवली.

बुधवारी संध्याकाळी आमच्या दुकानात प्रार्थनासभा भरते. कापायचं टेबल भिंतीला सरकवायचं, खुर्च्या गोल मांडायच्या आणि एकेकानं पाळीनं मोठ्यानं प्रार्थना करायची. गल्लीतली नर्स येते, समोरचा टॅक्सीवाला येतो, आणखी चार डोकी असतात. त्या बुधवारी धाकटीनं डोळे मिटले, हात जोडले.

"दयाळू प्रभू, ज्यांनी मला न केलेल्या गुन्ह्याची क्षमा केली, त्यांना तू मोठ्या मनानं क्षमा कर. आमेन."

टॅक्सीवाला सगळ्यांत जोरात आमेन म्हणाला. त्याला काही कळलेलं नव्हतं.

झालं, तिथून सुरू. एका बुधवारी थोरली म्हणे, "प्रभू, लहान तोंडी मोठा घास घेणाऱ्यांना तू निदान पचनशक्ती दे." पुढच्या बुधवारी धाकटी म्हणे, "प्रभू, ज्यांच्या माना ताठ झाल्या आहेत, त्यांना तू औषध दाखव." डोळे दोघींचे मिटलेले, आवाज अगदी भक्तीचा. मध्ये देव उभा, आणि त्याच्या खांद्याआडून दोघी नेम धरताहेत. लोक बुधवारी वेळेवर येऊ लागले. इतकी हजेरी आमच्या सभेला पूर्वी कधी नव्हती.

दुकानात तर आणखी मजा. थोरली कापडावर खडूनं खुणा करी आणि गठ्ठा मशीनशेजारी ठेवी. धाकटी खुणा बघून शिवी. खुणा पहिल्यापासूनच होत्या, पण पूर्वी त्यांच्या सोबतीला तोंडंही चालत. आता सगळा भार खडूवर. काही अडलंच तर मधली तार मी.

"आत्याबाई, ही बाही किती सैल ठेवायची, ते कोणी सांगेल का?"

"आत्याबाई, ज्यांना डोळे आहेत त्यांना ते कापडावर दिसेल."

दोघींच्या मध्ये माझं स्टूल. दोघींनाही एकमेकींचं स्वच्छ ऐकू जात होतं, तरी मी आपली दोन्हीकडे मान हलवत असे.

असं वर्ष गेलं. आणि एका बुधवारी धाकटीनं डोळे मिटून सांगितलं, "प्रभू, आम्हाला जी नवी जागा मिळाली आहे, तिथे माझ्या मशीनवर आणि आमच्या संसारावर तुझा हात असू दे."

घरातली बातमी घराला अशी कळली. जागा गावाच्या पार दुसऱ्या टोकाला होती, किल्ली मिळाली होती, महिनाअखेरीस मशीन, भांडीकुंडी आणि माझा धाकटा भाचा, सगळं टेम्पोत बसणार होतं. सगळे आमेन म्हणाले. थोरलीचं आमेन मला ऐकू आलं नाही.

"जाऊ दे," ती मला नंतर म्हणाली. "मी तर क्षमा केलेली आहे."

पण जाऊ देणं तिला जड होतं, हे सांगायला माझ्या चष्म्याची गरज नव्हती. धाकटी लग्न होऊन आली तेव्हा तिला सुईत दोरा ओवता येत नव्हता. थोरलीनं हाताला धरून शिकवलं. एकदा एका नवरदेवाच्या कोटाला दोन्ही बाह्या डाव्या लागल्या आणि या दोघी टेबलाखाली बसून तोंडात कापड कोंबून हसताहेत, बाहेर तो बिचारा घड्याळ बघतोय, असं आमचं दुकान होतं. दोघींनाही सख्खी बहीण नव्हती. त्या एकमेकींच्या झाल्या होत्या. आता धाकटी गेली असती तर परत आली नसती. भाचेही मग वर्षातून एकदा, नव्या कपड्यांत, पाहुण्यासारखे भेटले असते. थोरलीला हे सगळं दिसत होतं. ती कापताना पूर्वी उपासनेतली गीतं गुणगुणे. आता नुसती कात्री चाले.

त्याच सुमारास आमच्या मंडळीला, म्हणजे चर्चला, नवे पाळकसाहेब आले. वयानं तरुण, अंगानं किरकोळ, बोलायला कमी. पहिल्या बुधवारी नुसते ऐकत बसले, चहा-बिस्किट घेतलं आणि गेले. त्यांना काही कळलं नसावं, असं मी धरून चालले. दुसऱ्या बुधवारी सुरुवातीलाच म्हणाले, "आज एक करून बघू. ज्यानं त्यानं फक्त स्वतःबद्दल बोलायचं. दुसऱ्याचं नाव नाही, दुसऱ्याची चूक नाही, दुसऱ्यासाठी सुबुद्धीही मागायची नाही."

"मग मागायचं काय?" नर्सनं विचारलं. बिचारीला खरंच प्रश्न पडला होता.

"जे आपल्याजवळ नसेल ते."

त्या दिवशी सभा चहा निवायच्या आत आटोपली. टॅक्सीवाल्यानं गुडघ्यासाठी मागितलं. नर्स म्हणाली, "प्रभू, तुला सगळं माहीतच आहे, आमेन." धाकटीनं धीर मागितला. थोरलीची पाळी आली.

"प्रभू, मला सहन करायची शक्ती दे. माझ्या वाट्याला जी…"

"तेवढंच पुरे," पाळकसाहेब डोळे न उघडता हळूच म्हणाले. "कोणामुळे, ते नको."

थोरली थांबली. थांबली ती थांबलीच. वर्षभर दर बुधवारी तिच्या तोंडाला खळ नव्हता. आणि दुसऱ्याचं नाव काढून घेतल्यावर देवाशी बोलायला तिच्याजवळ काही शिल्लकच नाही, असं निघालं. हे तिलाही त्याच क्षणी कळलं असावं. तिचे कान लाल झाले. शेवटी पुटपुटली, "आमेन," आणि चहा बघायला आत गेली. चहा मी आधीच गाळला होता.

नंतर एका सकाळी मी खाली आले तर थोरली टेबलाआड गुडघ्यांवर.

"काय गं?"

"टाचणी पडली. शोधतेय."

"डोळे मिटून?"

ती उठली नाही. मी परत वर गेले. बघायची आवड असली तरी काही गोष्टी बघू नयेत एवढं मला कळतं.

त्याच दिवशी दुपारी तिनं प्रयत्न केला. कात्री चालवता चालवता, कापडाकडे बघत म्हणाली, "आत्याबाई, जर माझ्या बोलण्यानं कोणाचं मन दुखावलं असेल, तर मला वाईट वाटतं, असं सांगा."

मशीन थांबलं.

"आत्याबाई, 'जर' म्हणाल्या का त्या? म्हणजे अजून चौकशी चालू आहे वाटतं. निकाल लागला की कळवायला सांगा."

मशीन पुन्हा सुरू झालं, आणि जरा जास्तच जोरात. थोरलीनं माझ्याकडे असं पाहिलं की जणू काय 'जर' मीच घातला होता.

आता पाळकसाहेबांचा उपासनेत घालायचा झगा दुकानात आला. आधीचे पाळक दणकट होते. त्यांचा झगा यांच्या अंगावर तंबूसारखा लोंबे, तो आत घ्यायचा होता. धाकटी नव्या जागेची झाडलोट करायला गेली होती. थोरलीनं त्यांना आरशासमोर दोन्ही हात पसरून उभं केलं आणि बगलेपासून कमरेपर्यंत टाचण्या लावायला घेतल्या.

"पाळकसाहेब, हलू नका. एक विचारू?"

"हलू नका म्हणताय, म्हणजे विचारणारच."

"क्षमा केली की मनाला शांती मिळते, असं सगळे सांगतात. मी वर्षापूर्वी केली. भर चर्चमध्ये केली. शांती काही आली नाही."

"कोणी मागितली होती?"

"काय?"

"क्षमा."

"मागितली नव्हती. मी आपणहून दिली."

"मग त्या माणसानं घेतली?"

थोरलीनं बराच वेळ टाचणी लावली. "नाही."

"म्हणजे ती अजून तुमच्याजवळच आहे," पाळकसाहेब आरशाकडे बघत म्हणाले. "असू दे. कदाचित तुम्हालाच लागेल."

मी काज करता करता सुई बोटात टोचून घेतली. अंगभर टाचण्या असलेला माणूस लांब उपदेश करत नाही, हा एक फायदा.

थोरली खाली बसली, झग्याची कड हातात घेऊन. तिचा चेहरा आरशात येत नव्हता. "समजा, मी गेले तिच्याकडे. आणि तिनं तोंड फिरवलं तर?"

"फिरवतील कदाचित. प्रभू गुडघ्यांवर बसून शिष्यांचे पाय धूत होता ना, तेव्हा त्यातला एक त्याला विकून बसला होता आणि एक पहाट व्हायच्या आत ओळख नाकारणार होता. त्याला दोन्ही ठाऊक होतं. त्यानं कोणाचा पाय बाजूला सारला नाही." मग हात अवघडले म्हणून त्यांनी जरा खांदे हलवले. "आणि अर्पण घेऊन वेदीपाशी आलात, नि आठवलं की भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे, तर अर्पण तिथंच ठेवा आणि आधी त्याच्याकडे जा, असंही तो म्हणाला. नीट बघा हं. आपल्या मनात त्याच्याविषयी काय आहे, ते विचारलंच नाही. त्याच्या मनात आपल्याविषयी काय आहे, ते विचारलं."

"हे उलटं आहे," थोरली म्हणाली.

"हो. मलाही अवघड जातं. हात खाली घेऊ?"

पाळकसाहेब गेल्यावर तिनं झगा घडी करून ठेवला, उलगडला, पुन्हा घडी केली.

"आत्याबाई, मी एक गोष्ट कोणालाच सांगितलेली नाही."

"मला सांगू नकोस मग," मी म्हटलं. जीभ चावत म्हटलं, कारण मला ऐकायचं तर भयंकर होतं. "जिची आहे तिला सांग."

महिना संपायच्या आधीचा तो शेवटचा बुधवार. धाकटीच्या खोलीत खोकी बांधून झाली होती. खुर्च्या गोल मांडल्या. पाळकसाहेबांचा नियम अजून चालूच होता. टॅक्सीवाल्याच्या गुडघ्याला थोडा उतार होता. पाळी फिरत फिरत थोरलीपाशी आली.

"प्रभू," ती म्हणाली.

नर्सनं एक डोळा उघडून पाहिलं. मी दोन्ही उघडे ठेवलेच होते.

"प्रभू, तू जरा थांब," थोरली म्हणाली. "तुला हे माहीत आहे. हिला माहीत नाही."

तिनं डोळे उघडले, आणि वर्षात पहिल्यांदा मान वळवून धाकटीकडे सरळ पाहिलं.

"तू झोपायला गेली नव्हतीस. मी तुला पाठवलं. तू नको म्हणत होतीस, मी ढकलून पाठवलं. आणि तू वर गेल्यावर आई जाग्या झाल्या." तिचा आवाज फाटला, तिनं तो पुन्हा जुळवला. "मी त्यांचा हात धरून बसले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, 'धाकटी आली का?' मी म्हटलं, आई, मी आहे ना. तर म्हणाल्या, 'हो, तू आहेसच. धाकटी आली का?' जिन्याशी जाऊन मी तुला एक हाक मारायची होती. नाही मारली. मला वाटलं, इतकी वर्षं यांचं मी केलं, आणि शेवटी यांना हवी ती. मी म्हटलं, येतेय. आणि बसून राहिले. त्या दाराकडे बघत होत्या. दाराकडे बघत बघतच गेल्या."

थोरलीनं एकदा सगळ्यांकडे पाहिलं.

"आणि मी लोकांना सांगितलं की तुला झोप महत्त्वाची होती. वर सगळ्यांसमोर तुला क्षमाही केली. माझा अपराध तुझ्या नावावर टाकला, आणि तो माफ करून मोठी झाले. हे सगळं ज्यांच्यासमोर केलं त्यांच्यासमोरच सांगते. माझं चुकलं. मला क्षमा कर. नाही केलीस तरी हे तुझं आहे, ते तुला मिळायला हवं. आई शेवटी तुला विचारत होत्या."

टॅक्सीवाला आमेन म्हणाला नाही. या वेळी त्याला कळलं होतं.

धाकटी उभी राहिली. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"मी झोपले नव्हते," ती म्हणाली. "झोप लागतच नव्हती. छताकडे बघत पडले होते. एक हाक मारली असती, ताई. एक हाक."

"हो."

"नुसतं हो काय म्हणता!"

"दुसरं काय म्हणू? खरं आहे ते."

धाकटी जिना चढून वर गेली. दार लागल्याचा आवाज आला. दोन्ही भाचे एकमेकांकडे बघत राहिले, मग धाकटा तिच्यामागून गेला. लोक चहा न घेता, हळू आवाजात निरोप घेऊन पांगले. पाळकसाहेब तेवढे मागे राहिले, खुर्च्या एकावर एक रचून झाल्यावर थोरलीला म्हणाले, "तुमची प्रार्थना अर्धी राहिली."

थोरलीनं तिथंच, टेबलाला टेकून, डोळे मिटले. "येशू, तिला सांभाळ. तिला बदलू नकोस. मला तुझ्याजवळ ठेव." बस, एवढीच. मी तिच्या तोंडून वर्षभर एवढ्या प्रार्थना ऐकल्या होत्या. कोणावर न रोखलेली ही पहिलीच.

"हलकं वाटतंय का गं?" मी तिला विचारलं.

तिनं जरा चाचपून बघितल्यासारखं केलं. "हलकं नाही, आत्याबाई. लाज वाटतेय. पण आत काहीतरी सारखं धावत होतं ना, ते बसलंय."

दुसऱ्या दिवशी धाकटी खाली आली नाही. धाकटा भाचा आला, तोंड उतरलेलं.

"ती रडतेय. रागानं की दुःखानं, मला काही समजत नाही."

"विचार मग तिला."

"विचारलं. म्हणाली, दोन्हीनं. नि तुम्ही खाली जा."

थोरलीनं ऐकलं. वर जाऊन दार वाजवलं नाही, मला पाठवलं नाही, माझ्यामार्फत निरोपही दिला नाही. पूर्वीची थोरली असती तर एव्हाना, मी एवढं बोलले तरी बघा, असं निदान भिंतीला तरी सांगून झालं असतं. ती आपली कापत राहिली. वाईट कापत होती.

त्यापुढच्या दिवशी सकाळी जिन्यावर पावलं वाजली. धाकटी आली, मशीनवरचं कापड काढलं, गठ्ठ्यातला वरचा तुकडा उचलला, उजेडात धरला.

"हे अस्तर कोणी कापलंय? तिरकं गेलंय सगळं."

मी सवयीनं मान वळवून निरोप घ्यायला तयार झाले. पण ती माझ्याकडे बघत नव्हती.

"मी," थोरली म्हणाली. "लक्ष नव्हतं. चुकलं."

इतक्या वर्षांत थोरलीचं कापड तिरकं गेलं की कापडात दोष असे, कात्रीत असे, एकदा तर जमिनीत होता. मी स्टुलावर जरा सावरून बसले.

धाकटीनं अस्तर मांडीवर घेतलं, दोन्ही हातांनी सारखं करत राहिली.

"पुन्हा सांगा."

"चुकलं माझं."

"ते नाही. आई काय म्हणाल्या ते. जसं म्हणाल्या तसं."

थोरलीनं कात्री खाली ठेवली आणि सांगितलं. एक शब्द गाळला नाही.

"आवाज कसा होता?"

"बारीक. पण घाबरलेला नव्हता. जेवायला बसल्यावर एक माणूस यायचं राहिलं की आपण विचारतो ना, तसा."

धाकटी रडली. थोरली उठून जवळ गेली नाही. जिथं होती तिथंच उभी राहून तीही रडली. मध्ये मी, दोघींना कापडाचे तुकडे पुरवत. रुमाल शोधायला कोणाला सवड होती?

"जाऊ नकोस म्हणायचा मला हक्क नाही," थोरली शेवटी म्हणाली. "पण विचारते. राहशील?"

"किल्ली घेतलीय आम्ही."

"परत देता येते."

"माझा राग गेलेला नाही, ताई."

"मग इथंच राहून राग कर. तिकडे एकटी काय करशील?"

धाकटीच्या नाकातून एक हसू निसटलं, तिला नको असताना. "मी पण रविवारी उभी राहून सांगू का, क्षमा केली म्हणून?"

"सांग."

"नाही सांगणार." तिनं डोळे पुसले. "थोडी केलीय. बाकीची जसजशी जमेल तशी."

"चालेल," थोरली म्हणाली. "जमेल तशी दे."

किल्ली धाकट्यानं परत नेऊन दिली. खोकी मात्र बरेच दिवस तशीच बांधलेली राहिली. धाकटी लागेल तसं एकेक भांडं काढी. एखाद्या दिवशी तिला मध्येच सगळं आठवून येई, मग दिवसभर तिचं मशीन फाडफाड चाले आणि थोरली गुपचूप ऐकून घेई. मी ताळा जुळवून बघितला. अशा दिवसांची संख्या कमी होत गेली, पण शून्य झाली असं म्हणणार नाही. बुधवारी दोघी शेजारी शेजारी बसू लागल्या. लोक पुन्हा उशिरा येऊ लागले.

आणि अधूनमधून, काहीही कारण नसताना, धाकटी मशीन थांबवी आणि म्हणे, "ताई, पुन्हा सांगा ना." थोरलीला ते सांगणं दर वेळी टोचत असणार. ज्या प्रश्नानं तिचं काळीज कापलं, तोच प्रश्न तिनं स्वतःच्या तोंडानं, त्याच आवाजात विचारून दाखवायचा. तरी तिनं एकदाही, "किती वेळा सांगू," असं म्हटलं नाही. हातातलं काम ठेवी आणि सांगे.

परवा अशीच सांगत होती. "मी म्हटलं, आई, मी आहे ना. तर म्हणाल्या, हो, तू आहेसच." आणि तिथं थांबली. पुढचं सांगेना. खडू बोटांत फिरवत म्हणाली, "हे वाक्य फार लागतं मला. म्हणजे मी असले काय, नसले काय."

धाकटी तिच्याकडे बघत राहिली, एखाद्या वेड्या माणसाकडे बघावं तसं.

"ताई, तुम्हाला एवढं वर्ष हे असं ऐकू आलंय?"

"मग कसं ऐकायचं?"

"मला विचारावं लागलं, कारण मी नव्हते. तुम्हाला विचारावं लागलं नाही. तुम्ही आहातच, हे त्यांना डोळे मिटूनसुद्धा माहीत होतं. अजून काय म्हणायला हवं होतं त्यांनी?"

तिनं मशीन सुरू केलं. थोरलीनं कात्री उचलली, कापडावर टेकवली, आणि किती तरी वेळ ती तशीच टेकवून उभी राहिली.